सव्विसाव्या भागानंतर

मूळ मालिकेत मधे कुठेच भिंत नाही.
अठ्ठ्याहत्तर भाग, आठवड्याला एक, सलग दीड वर्षं.
सव्विसाव्यात पोरगा दार ढकलतो,
सत्ताविसाव्यात आत जातो.
मधे फक्त सात दिवस.

आपल्याकडे ती तीन खोक्यांत यायची ठरली.
सव्वीस, सव्वीस, सव्वीस.
चॅनेलचा माणूस फोनवर म्हणाला,
"मॅडम, पहिला सीझन दाराशीच संपतोय, मस्त ना?"
मी म्हटलं, तिथे काही संपत नाहीये.
तो म्हणाला, "करारात संपतोय."

गंगापूर रोडला, बेकरीच्या वर आमचा स्टुडिओ.
दुपारी तीनला खालून खारीचा वास यायचा
आणि दिलशाद माइक बंद करून म्हणायचा,
वास रेकॉर्ड होत नाही, नशीब.
मी जपानी ओठ मोजायचे.
तीन उघडझापींना "थांब" पुरत नाही,
"थांब की रे" बरोब्बर बसतं.
त्या "की रे"मुळे पोरगा आमचा झाला,
अर्धा हट्टी, अर्धा लाडातला.

आवाज यशोधन बोरस्तेचा. वय बारा.
पिंपळगावहून एसटीने यायचा,
डब्यात शेंगदाण्याची चटणी.
घसा बसेल म्हणून ती मी खायचे.

पहिला सीझन झाला तेव्हा द्राक्षं उतरत होती.
दुसऱ्याचा करार आला गोडी छाटणीला.
मधले आठ महिने टीव्हीवर
एक ते सव्वीस, पुन्हा एक ते सव्वीस.
शहरभर पोरं दाराशी येऊन थांबायची
आणि सोमवारी परत पहिल्या भागात.
सिडकोतल्या एका शाळेत म्हणे
दारामागे काय आहे यावरून मारामारी झाली.

यशोधन आला, "नमस्कार मॅडम" म्हणाला
आणि दिलशादने वर बघितलं.
तीच मान, तेच दप्तर,
आत कुणी टेबल सरकवल्यासारखा आवाज.
तरी आम्ही अकरा वेळा घेतलं.
अकराव्यांदा "रे" फुटून काचेवर गेला.
तो हसला.
मग नाही हसला.

वडील बाहेर बाकावर, छाटणी सोडून आलेले,
बोटांवर पेस्टचा गुलाबी डाग.
मी समजावत होते, सीझन म्हणजे काय, कुठे तोडतात.
ते म्हणाले, "आम्ही काडीवरचे डोळे मोजून कापतो.
तुम्ही कशावरून धरता?"
मी म्हटलं, चॅनेल धरतं.
"अन् चॅनेल?"

खाली खारीचा दुसरा घाणा निघाला होता.
मी त्यांना पाव किलो बांधून दिली.

दुसऱ्या सीझनला सोनल गांगुर्डे. वय चोवीस.
सोमवार ते शुक्रवार पतसंस्थेत,
शनिवार-रविवार बारा वर्षांची.
तिचा आवाज काही फुटणार नव्हता.
पोरांना दोन भागांत सवय झाली.
एकानेच पत्र लिहिलं, वहीच्या पानावर:
आत गेल्यावर हा वेगळा का बोलतो?
आत थंडी आहे का?

ओरडणी मात्र आम्ही जुनीच ठेवली.
पडताना, धापताना, पाण्यातून वर येताना
भाषांतर लागत नाही.
दिलशादच्या फोल्डरमध्ये यशोधनचे
एकशे चार श्वास होते.
सोनल बोलत असायची,
कड्यावरून पाय सुटला की
खाली जाणारा यशोधन असायचा.

तिसरा सीझन कुणी विकत घेतला नाही.
मराठीत तो अजून नावेत बसलाय, एक हात पाण्यात.
पुढचे सव्वीस मी जपानीत बघितलेत.
कुणी विचारलं तरी सांगत नाही.

परवा पिंपळगावच्या बाजार समितीबाहेर
क्रेट मोजणाऱ्या एका माणसाने हाक मारली.
दाढी, आणि आवाज असा की
पहिल्यांदा मी मागे वळून दुसऱ्यालाच शोधलं.
नावेचं त्याने काही विचारलं नाही.
"मॅडम, माझे ते श्वास आहेत का हो अजून?"

दिलशादला विचारून सांगते, म्हटलं.

हार्डडिस्क माझ्याच कपाटात आहे.